फुटबॉल मॅनेजर २०२४, आठ महिन्यांनंतर: किपरला बसवलं अन् पस्तावलो

कम्प्युटरवर क्लबचा मॅनेजर बनून संघ चालवायचा, असा हा गेम. पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर याला दहापैकी दहा देऊन मोकळा झालो असतो. आज आठ देतोय. कापलेल्या दोनपैकी अर्धा मार्क स्क्रीनवरच्या बारीक अक्षरांचा. उरलेला दीड एका सहा फूट चार इंची पोराचा, जो खऱ्या जगात कुठंच नाही.

आधी सेटअप, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न तोच येतो. लॅपटॉप पाच वर्षांचा, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फक्त इंग्लंडच्या लीग लोड केल्या की नीट चालतो. पण परभणीचा मे महिना! दुपारी पंख्याचा आवाज ऐकून आई विचारायची, "गिरणी चालू केलीस का रे?" शेवटी टेबल कूलरच्या तोंडाशी सरकवलं. बॅटरी कधीच मेलेली, म्हणून ऑटोसेव्ह गेममधल्या दर आठवड्याला लावला. लाइट गेली तर निदान अख्खा सीझन जात नाही.

क्लब घेतला नॅशनल लीग नॉर्थमधला. इंग्लंडची सहावी पायरी, २४ संघ, ४६ सामने. चौथ्या सीझनला एका मोठ्या क्लबनं सोडलेला २१ वर्षांचा किपर, म्हणजे गोलकीपर, फुकटात मिळाला. खेळाडूचे गुण इथं १ ते २० असतात. याचे रिफ्लेक्सेस (चपळाई) १४, एरियल रीच (उंच चेंडूपर्यंतची पोच) १५. त्या पायरीवर हे म्हणजे लॉटरीच. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे एकाग्रता, ८ होतं, तिकडं मी बघितलंच नाही. त्याचं नाव आम्ही लांब्या ठेवलं. आम्ही म्हणजे मी आणि मामेभाऊ, जो बाजूला बसून शेंगा खात फुकटचे सल्ले देतो.

पहिला मूर्खपणा माझा. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणत वाढलेली माणसं आम्ही. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये अल्जेरियाविरुद्ध जर्मनीचा किपर मॅन्युएल नॉयर पेनल्टी बॉक्सच्या बाहेर येऊन येऊन बचाव करत होता, ते चित्र डोक्यात बसलेलं. लांब्याला स्वीपर किपर, म्हणजे गोल सोडून पुढं धावत येणारा किपर, करून टाकलं. त्याचं रशिंग आउट होतं ५. म्हणजे बाहेर पडायचा त्याचा स्वभावच नाही अन् मी त्याला ढकलतोय. तो ना धड बाहेर, ना धड गोलमध्ये, मधेच अडकायचा अन् चेंडू डोक्यावरून जायचा. असं व्हायला किपर कच्चाच लागतो असंही नाही. १८ नोव्हेंबर २०२४ ला हैदराबादेत मलेशियाविरुद्ध भारताचा किपर गुरप्रीतसिंग संधू असाच पुढं आला अन् मागं रिकामा गोल राहिला. २०२३ च्या सॅफ कपच्या (दक्षिण आशियाई स्पर्धेच्या) फायनलमध्ये कुवेतची शेवटची पेनल्टी अडवून कप जिंकून देणारा हाच माणूस.

पाच सामन्यांत ११ गोल खाल्ले. फॉर्मच्या रकान्यात दहापैकी ६.२, ६.४, ५.९ असे रेटिंगचे लाल आकडे लागले, मॅच चालू असताना त्याच्या नावापुढं 'नर्व्हस' दिसायला लागलं. मी त्याला बाकावर बसवलं.

मामेभाऊ म्हणाला, "अबे, त्याला कामून बसवायलास? पुढचे चौघं डिफेंडर काय करायलेत ते बघ की."

नाही बघितलं. आता दुसऱ्या किपरची गंमत ऐका. तो महिनोन् महिने खेळलेला नाही, म्हणजे त्याची मॅच शार्पनेस (खेळायचा सराव) तळाला. गेम हे खेळाडूच्या पानावर सरळ दाखवतो, लपवत नाही. बिचाऱ्यानं चार सामन्यांत १० खाल्ले. तिकडं लांब्याचा मोराल (मनोबल) घसरत घसरत 'व्हेरी पुअर'ला गेला अन् एक दिवस तो माझ्या ऑफिसात येऊन उभा: मला खेळायचंय. आता एक बिघडलेला होता, त्याचे दोन झाले.

यात लाजेची गोष्ट अशी की हे सगळं माझ्यावर होऊन गेलेलं आहे. कॉलेजात चार वर्षं मी गोलमध्ये उभा राहिलो. काळ्या मातीचं मैदान. पावसाळ्यात बूट रुतायचा, उन्हाळ्यात भेगांवर डाइव्ह मारली की कोपर सोलून निघायचं. एकदा दोन गोल खाल्ले म्हणून हाफटाइमला मला काढलं. त्यानंतर कित्येक दिवस छातीवर सरळ आलेला चेंडूही हातातून निसटायचा, कारण नजर चेंडूवर कमी अन् टचलाइनवर उभ्या बदली किपरकडं जास्त असायची. हे माहीत असून मी लांब्याला तेच केलं.

नंतर एका रात्री डेटाच्या पानावर बसलो. तिथं 'एक्सपेक्टेड गोल्स प्रिव्हेंटेड' असा रकाना आहे. समोरून आलेले फटके किती गोलांच्या लायकीचे होते अन् किपरनं प्रत्यक्षात किती खाल्ले, यातला फरक. लांब्याचा त्या पाच सामन्यांतला आकडा शून्याच्या जरासाच खाली. म्हणजे आले तसेच गेले. त्यानं काही वाचवलं नाही, पण बुडवलंही नाही. बुडवणारा माझा राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा डिफेंडर. वय ३४, पेस (वेग) ७, त्याच्या बाजूनं मोकळे फटके येत होते. रेटिंगवर भरवसा ठेवणाऱ्यांनी आणखी एक बघा: ९० मिनिटं काम न पडता क्लीन शीट राहिली, म्हणजे एकही गोल खाल्ला नाही, तरी माझ्या किपरला ६.७-६.८ मिळतात. त्या आकड्यावरून किपरचा फॉर्म काढणं म्हणजे वॉचमनला चोर किती आले त्यावर पगार देणं.

२००७ साली इस्रायलमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी २८६ पेनल्ट्या तपासल्या. फटके मधोमध २८.७ टक्के वेळा गेले, पण किपर मधे थांबले फक्त ६.३ टक्के वेळा. उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतील हललाच नाही, म्हणून उडी मारायची. ते लाल आकडे बघून मी जे केलं, ती खुर्चीत बसून मारलेली उडीच होती.

मग राइट बॅक बदलला. लांब्याला परत आणून साधा गोलकीपर, डिफेन्ड ड्युटीवर, म्हणजे गोलमध्येच थांबायला, ठेवला. फॉर्मवरून एकट्याला बोलावून झापणं बंद, मॅचमध्ये ओरडायचंच तर 'एनकरेज', 'डिमांड मोअर' नाही. गेममधले अडीच महिने लागले. खरं सांगायचं तर माझ्या गोड बोलण्यानं फार काही झालं नाही; संघ जिंकायला लागला तसा मोराल चढला अन् त्याच्याबरोबर हा सावरला. मैदानभर पळणाऱ्या बाकीच्यांसारखा किपर दमत नाही, त्यामुळं उगाच आलटून पालटून खेळवायचीही गरज नसते.

आता तो दीड मार्क. कन्सिस्टन्सी, प्रेशर, इम्पॉर्टंट मॅचेस हे गुण गेम आकड्यात दाखवतच नाही. कोचच्या रिपोर्टमध्ये एखादी ओळ येते, 'कामगिरीत सातत्य नाही' अशा अर्थाची, ती वाचून अंदाज बांधायचा. खऱ्या मॅनेजरलाही आकडे कुठं दिसतात, हे मान्य. पण त्याला निदान पोराचा चेहरा दिसतो. मला 'नर्व्हस' हा एक शब्द दिसतो, अन् तो कशानं नर्व्हस आहे, माझ्यामुळं की गेल्या मॅचमुळं, हे कळायला मार्ग नाही. तरी फोनवरच्या फुटबॉल गेममधले फॉर्म दाखवणारे नुसते वर-खाली बाण बघितले की इथं किती विचार केलाय ते जाणवतं.

घ्यावा का? जुना लॅपटॉप असेल तर हाच घ्या. २०२५ ची आवृत्ती निघालीच नाही अन् २०२६ वाली नव्या इंजिनवर (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आहे. माझ्या गिरणीला ती झेपेल असं वाटत नाही.

काल प्लेऑफची, म्हणजे वरच्या पायरीवर जायच्या सामन्यांची, सेमीफायनल होती. ७१ व्या मिनिटाला लांब्यानं साधा क्रॉस हातातून सोडला, १-१. मामेभावानं शेंगा खाली ठेवल्या. "आता काढतोस का त्याला?" एक्स्ट्रा टाइममध्ये आम्ही २-१ नं हरलो, दुसऱ्या गोलला त्याचा काहीच दोष नव्हता. सकाळी त्याचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढवलं. नवा राइट बॅकसुद्धा मला आता जरा हळूच वाटायला लागलाय.