दोन दारांची जुनी मर्सिडीज, चार दारांची नवी

नागपुरात रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमधून रात्री दोनला फोन आला की माझा हात आजही जुन्या गाडीच्या किल्लीकडेच जातो. मी भूलतज्ज्ञ, असे फोन नेहमीचेच. घरी दोन मर्सिडीज आहेत: २०१० ची ई-३५० कूपे, मी २०१६ मध्ये सेकंडहँड घेतलेली, आणि २०२१ ची ई-२२०डी सेडान. दोन्हींवर ‘ई’ असलं तरी कूपेचा सांगाडा मुळात मर्सिडीजच्याच धाकट्या सी-क्लासचा. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २७६० मिलिमीटर, सेडानचं ३०७९.

सासूबाईंना हे ३२ सेंटीमीटर लगेच कळले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना कूपेत पुढे बसवलं, तर म्हणाल्या, “विहिरीत उतरल्यासारखं वाटते वो मले.” सेडानमध्ये त्या आपल्या आपण मागे बसतात, पाठ ३७ अंशांपर्यंत रेलवतात आणि समृद्धीवरून शिर्डीपर्यंत निवांत झोपतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतानाही मागची सीट थंड राहते. हायवेला शंभरच्या वेगाने लिटरमागे सतरा किलोमीटरच्या आसपास मिळतात. कुटुंबासाठी याहून चांगली गाडी मी वापरलेली नाही.

पण स्टीअरिंगवर मी असेन तर मला कूपेच हवी. तिचं साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, टर्बो नाही, २७२ हॉर्सपॉवर. सेडानचं दोन लिटरचं डिझेल १९४ चं. ते पाय ठेवताच जोर देतं आणि लवकर दमतं. कूपेचं इंजिन चार हजार आरपीएमनंतर खरं गायला लागतं. वर्धा रोडवर डबल डेकर पुलाच्या मधल्या मजल्यावरून रात्री जाताना, डोक्यावर बंद मेट्रो आणि समोर मोकळा रस्ता असताना, तो आवाज ऐकावा. शिवाय तिला दोन खिडक्यांमध्ये खांबच नाही. डिसेंबरच्या पहाटे चारही काचा खाली करून सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना गार हवा आरपार वाहते. हे सुख सेडानमध्ये नाही.

त्रासही सांगते. दारं लांबलचक, सीताबर्डीत शेजारी गाडी लागली की आत शिरायला जागा उरत नाही. काचेला चौकट नसल्याने दार उघडताना ती किंचित खाली सरकते. बॅटरी उतरली की सरकत नाही आणि रबरात अडकते. नागपूरच्या उन्हात ते रबर कडक होतं, मग ऐंशीच्या पुढे वारा शिट्टी मारतो. एका वर्कशॉपने मला दाराची अख्खी यंत्रणा बदलायला सांगितली होती. दुसऱ्या मेकॅनिकने नुसतं रबर बदललं आणि शिट्टी बंद झाली. शहरात पेट्रोल लिटरला सहा-सात किलोमीटर, तेही हलक्या पायाने.

पंधरा वर्षं झाल्यामुळे २०२५ मध्ये आरटीओत फिटनेस दाखवून, हरित कर भरून आणखी पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. विकायचा विषय तिथेच संपला.

अशी जुनी कूपे घ्यायची असेल तर मे महिन्यात, भर दुपारी पाहायला जा. एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवा, आणि दोन्ही दारं दहा-दहा वेळा उघडून काच खाली सरकते का तेवढं बघा.