पाच प्रजातींच्या मिरच्या, गच्चीवरच्या कुंड्या आणि नऊ महिने

लागवडीतल्या पाचही प्रजातींचं बी एकाच संचात मिळतंय म्हणून फेब्रुवारीत ऑनलाइन मागवलं. घर कोल्हापुरात, गच्चीवर ऊन भरपूर. आता नोव्हेंबर आहे, तेव्हा सांगण्यासारखं बरंच साठलंय.

अ‍ॅन्युम या पहिल्या प्रजातीबद्दल फार लिहीत नाही. आपली जवारी, ब्याडगी, लवंगी, अगदी ढोबळीसुद्धा त्यातलीच. आठव्या दिवशी कोंब वर. मेमध्ये बोकड्या आला, पानं गोळा झाली, निंबोळी अर्कावर निम्मी झाडं वाचली.

खरी परीक्षा चायनेन्सची. नावावर जाऊ नका, चीनशी हिचा संबंध नाही. १७७६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जॅकिननं गैरसमजातून ते नाव दिलं. मूळ दक्षिण अमेरिकेतलं. जहाल तिखट हाबानेरो मिरची याच घरातली. बी रुजायला चोवीस दिवस लागले, बारा दिवसांनी मी माती उकरून बघायला लागलो होतो. पहिली केशरी मिरची कापली तर फणसाच्या गऱ्यासारखा गोड वास! आईला म्हटलं, अर्धीच घाल. तिनं तव्यावर खर्डा करताना सगळ्या मिरच्यांत एक अख्खी टाकली आणि तांब्यानं रगडली. ठसक्यानं शेजारची काकूसुद्धा जिन्यात आली. हात पाण्यानं धुऊन आग जात नाही, आधी तेल चोळायचं, हे तेव्हा कळलं. आणि तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतो. तो काढला तर हाबानेरो आमच्या घरात चालते.

फ्रुटेसन्स म्हणजे केरळची कांथारी. बोटाच्या पेराएवढी, आकाशाकडे तोंड करून लागते. जुलैच्या झडीत बाकी कुंड्या पत्र्याखाली ओढल्या, ही कोपऱ्यात राहून गेली, तरी लगडली. पुन्हा फक्त एकच लावायची झाली तर हीच.

बॅकाटमचं पाकीट मात्र फसवं निघालं. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांवर पिवळट-हिरवे ठिपके असतात. माझी फुलं कोरी करकरीत, म्हणजे साधी अ‍ॅन्युम. विक्रेत्याला फोटो पाठवले. 'हवामानामुळे असेल' असं उत्तर आलं. ठिपके हवामानानं पुसले जातात होय? रेटिंगमधला एक तारा तिथंच कापला.

प्युबेसन्स, म्हणजे रोकोटो, बघायला सगळ्यांत देखणी. पानांवर लव, फूल जांभळं, बी काळं. पण ती अँडीज पर्वताच्या थंड उतारावरची. उन्हाळ्यात सावलीत ठेवूनही पोरकी झाल्यागत बसली, नंतर फुलं आली तशी गळली. गणपतीनंतर ती कुंडी मामांकडे पन्हाळ्यावर दिली, तिथं जरा गारवा असतो. परवा मामांचा फोन आला: दोन फळं धरलीत, सुपारीएवढी झालीत, खायची कधी विचारत होते.