नाशिक–पुणे ई-शिवाई : अंतर आणि वेळ

नकाशावर सरळ रेघ मारली तर नाशिक–पुणे साधारण १६५ किलोमीटर. ती रेघ हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेवरून जाते, म्हणून रस्ता पूर्वेकडे सिन्नर-संगमनेरला वळसा घालतो आणि अंतर सुमारे २१० भरतं. एसटीची विजेवरची ई-शिवाई याच मार्गाने धावते. वातानुकूलित, इंजिनाची घरघर नाही. चंदनापुरी घाटातही चढण जाणवत नाही. आमच्या मते डिझेल गाडीपेक्षा नक्कीच सुखाची.

वेळेचा हिशोब मात्र किलोमीटरवर करू नका. खरी अडचण चाकणची: औद्योगिक वसाहतीच्या पाळ्या सुटतात तेव्हा चौकात तासभरही जातो. पुण्यात पुढची गाडी किंवा विमान असेल तर पहाटेचीच बस धरा. शिवाजीनगरचं तिकीट काढण्याआधी गाडी वाकडेवाडीला (शिवाजीनगरचं एसटी स्थानक तिथे हलवलं आहे) थांबते का, तेही विचारा.