भावाचं कुलमुखत्यारपत्र चौदा महिने वापरल्यावर

आमच्या धाकट्यानं टोरांटोहून पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, माझ्या हातात पडून आता चौदा महिने झाले. एवढ्या दिवसांत ते कपाटात कमी आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीतच जास्त राहिलंय. पार्ल्याचा फ्लॅट त्याच्या नावावर. तो कॅनडाचा नागरिक, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते इथलं ओसीआय कार्ड आहे. आई गेली, फ्लॅटला कुलूप लागलं आणि सोसायटीची बिलं, गळकी गच्ची, भाडेकरू शोधणं हे सगळं मुलुंडहून मी बघायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं फोनवर "ताई, तू आहेस म्हणून बरं" असं म्हटलं.

एका वाक्यात सांगायचं तर कागद चालतो, पण त्यात जेवढं लिहिलंय तेवढाच चालतो. त्याच्या पलीकडे एक पाऊलही नाही. हे कळायला मला एक आख्खा फुकट गेलेला कागद लागला.

तो पहिला कागद असा. टोरांटोच्या प्रांतात, ओंटारियोत, मालमत्तेसाठी सरकारी नमुन्याचं एक मुखत्यारपत्र मिळतं. धाकट्यानं तेच छापलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि कुरियर केलं. त्यात मोघम एवढंच की, मृत्युपत्र करणं सोडून मालमत्तेबाबत मी जे काही करू शकतो ते सगळं माझी बहीण करू शकेल. तो खूश, मीही खूश. वकीलबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "यात पार्ल्याचा फ्लॅट कुठे आहे?" कुठेच नव्हता. सर्व्हे नंबर नाही, सोसायटीचं नाव नाही, भाग दाखल्याचा, म्हणजे शेअर सर्टिफिकेटचा, नंबर नाही. "आणि दस्त नोंदणीला सादर करायचा अधिकार?" तोही नाही. आपल्याकडे खिडकीपलीकडचा माणूस 'सगळं' हा शब्द वाचतच नाही. त्याला त्याच्या कामाचं क्रियापद हवं असतं. भाड्यानं देणे, भाडे स्वीकारून पावती देणे, करारावर सही करणे, दस्त नोंदणीस सादर करणे, दुय्यम निबंधकासमोर कबुलीजबाब देणे. यातली शेवटची दोन नसली तर करारावर सही करता येते, पण करार नोंदवता येत नाही, म्हणजे गाडी आहे पण चावी नाही.

त्या कॅनडाच्या नमुन्याचं आणखी एक वैशिष्ट्य धाकटा कौतुकानं सांगत होता: तो उद्या अंथरुणाला खिळला, बुद्धी चालेनाशी झाली, तरी तो कागद चालू राहतो. तिथे म्हणे त्यासाठीच लोक तो करतात. वकीलबाई म्हणाल्या, इथे उलटं. आपल्या 1872 च्या करार कायद्यात कलम 201 आहे. अधिकार देणारा वारला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की दिलेला अधिकार तिथेच संपतो. म्हणजे ज्या दिवशी कागदाची सर्वांत जास्त गरज पडेल, नेमका त्याच दिवशी तो मरेल. हे ऐकून मी जरा गप्पच झाले. धाकट्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

दुसरा मसुदा वकीलबाईंनी केला. सहा पानं, आणि त्यातला अर्धा वेळ नावांवर गेला. भाग दाखल्यावर धाकट्याचं नाव मधल्या वडिलांच्या नावासकट पूर्ण. कॅनडाच्या पासपोर्टवर बाबांचं नाव गळालेलं. माझं तर विचारूच नका. जुन्या कागदांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. शेवटी दोघांच्याही नावापुढे 'उर्फ' लावून सगळे अवतार एका ओळीत आणले आणि 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडलं. हे ज्यांना फालतू वाटेल त्यांनी एकदा नोंदणीच्या रांगेत उभं राहून पाहावं. माझ्या पुढच्या गृहस्थांना याच कारणासाठी परत पाठवलं होतं.

फ्लॅट विकण्याचा अधिकार घालायचा का, यावर आमचं भांडण झालं. धाकटा म्हणाला घाल, पुन्हा कशाला खटपट. मी नाही म्हटलं. उद्या विकायची वेळ आली तर त्या व्यवहारापुरतं वेगळं विशेष मुखत्यारपत्र करू. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात हा फरक पैशातही आहे: विक्रीचा अधिकार मोबदल्याशिवाय आईवडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको अशा जवळच्याला दिला तर 500 रुपयांत भागतं, पण मित्राला किंवा एजंटला दिला की खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क. धाकट्याच्या मनात आधी एक एजंट मित्र होता, तो त्या वाक्यानंतर मनातून उतरला.

मग तिकडची बाजू. परदेशात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र इथल्या नोंदणीला चालायचं तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे ते नोटरी, न्यायालय, न्यायाधीश किंवा भारतीय वकिलातीसमोर केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं लागतं. धाकट्यानं टोरांटोत नोटरीसमोर सहा पानांवर सह्या केल्या, फोटोवर अर्धी आणि कागदावर अर्धी अशी आडवी सही केली आणि वर ओंटारियो सरकारकडून अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून जोडतात ते सरकारी प्रमाणपत्र, लावून घेतलं. अपोस्टिलचा हेग करार कॅनडाला 11 जानेवारी 2024 पासून लागू झाला, म्हणून हे जमलं. आमच्या आतेबहिणीनं 2022 मध्ये असंच काम केलं तेव्हा तिला आधी तिथल्या सरकारचा शिक्का आणि मग वकिलातीचा, असे दोन हेलपाटे पडले होते. भारत या करारात 2005 पासून आहे. पण यावरून सगळ्यांनी अपोस्टिलच्या मागे धावू नये. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंचा मुलगा म्युनिकला असतो. जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्यामुळे त्या दोन देशांत अपोस्टिल चालत नाही. त्याला वकिलातीतच जावं लागलं.

कुरियर आलं तेव्हा मी पाकीट फाडून केराच्या टोपलीत टाकलं. वकीलबाईंचा पहिला प्रश्न, "पाकीट कुठाय?" परदेशात केलेला कागद राज्यात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो, आणि तो कधी आला याचा पुरावा म्हणजे ते पाकीट. केराची गाडी यायची होती म्हणून वाचले. चहाच्या पुडीचा डाग पडलेलं ते पाकीट आजही फोल्डरमध्ये सर्वांत मागे आहे. मुद्रांकाचं काम फोर्टला, एशियाटिकच्या पायऱ्यांच्या बाजूला टाऊन हॉलमधल्या कार्यालयात झालं.

आता माझी स्वतःची चूक. अपोस्टिलचा कागद मूळ कागदाला पितळी छिद्रातून रिबन घालून जोडलेला होता. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्या पोरानं नेहमीच्या सवयीनं पिन काढणीचा चिमटा उचलला आणि मी तेव्हा दुसऱ्याच कागदाचे सुटे पैसे मोजत होते. एवढंच ऐकू आलं, "मावशी, ही फीत कापू का?" मी किंचाळले. दुकानातले सगळे वळून बघायला लागले. पानं एकदा सुटी झाली की त्यांना कोणी विचारत नाही, पुन्हा टोरांटोपासून सुरुवात. तेव्हापासून मी पानं उलटी-सुलटी धरून स्वतः झेरॉक्स काढून घेते, मूळ कागद त्याच्या हातात देतच नाही. कोपऱ्यातलं अक्षर काळं येतं, येऊ दे.

प्रत्यक्ष वापराचं म्हणाल तर वीजबिल, मालमत्ता कर, प्लंबर, गॅस वगैरे कामांना कागद कोणी मागितलाच नाही. पैसे भरणाऱ्याला कोण अडवतंय?

सोसायटीत अर्धं काम झालं, अर्धं अडलं. पत्रव्यवहार, ना-हरकत, पार्किंग या गोष्टींना सेक्रेटरींनी प्रत ठेवून घेतली आणि मान्य केलं. पण पुनर्विकासाची सर्वसाधारण सभा लागली तेव्हा दारातच थांबवलं: मुखत्यार चालत नाही. मी चिडले, घरी येऊन उपविधी काढले, तर खरंच लिहिलेलं. सभासदाच्या वतीनं प्रतिनिधी किंवा मुखत्यारपत्रधारक सर्वसाधारण सभेला बसू शकत नाही. मताचा हक्क ज्याचा त्यानंच बजावायचा. बिल्डर कोण, चटईक्षेत्र किती मिळणार हे ठरत असताना मी जिन्यात उभी राहून आतला आवाज ऐकत होते. या एका गोष्टीसाठी कागदाचे मी गुण कापते, जरी दोष कागदाचा नसला तरी.

बँकेचा अनुभव सगळ्यांत वैतागाचा. कोणती बँक ते नाही सांगत. त्यांनी आमचं अपोस्टिल लावलेलं सहा पानी पत्र बाजूला सारलं आणि त्यांच्या स्वतःच्या नमुन्यातलं मुखत्यारपत्र मागितलं. तोही फॉर्म धाकट्यानं तिकडे सह्या करून पाठवायचा. दोन महिने गेले. मिळालेला अधिकारही आखूड आहे: त्याच्या एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं इथलं रुपयांतलं खातं) इथली देणी रुपयांत भागवायची, आणि बाहेर पाठवायचं तर फक्त खातेदाराला, म्हणजे त्यालाच. त्याच्या भाचीच्या लग्नात त्याच्या वतीनं आहेर म्हणून त्या खात्यातून पैसे काढता येतील का असं मी विचारलं. नाही. परदेशात राहणाऱ्याच्या खात्यातून इथल्या माणसाला भेट द्यायचा अधिकार मुखत्याराला नसतो. भाची माझीच मुलगी, तेव्हा आहेर कोणाच्या खिशातून गेला ते सांगायला नको.

भाडेकरू मिळाला तो सज्जन, पण घरमालक परदेशी राहणारा म्हटल्यावर भाड्यातून 30 टक्के कर आणि वर सेस, म्हणजे 31.2 टक्के, कापून सरकारजमा करायची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागतो. "भाडे मुखत्याराच्या खात्यात घ्या ना ताई, मग कशाला कटकट," असं सुचवणारे दोन जण भेटले. तसं करू नका. कागद माझ्या हातात असला तरी उत्पन्न त्याचं आहे.

आणि नोंदणी. लिव्ह अँड लायसन्स 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, 0.25 टक्के मुद्रांक, 1,000 रुपये नोंदणी फी. टोकन, कॅमेऱ्यात फोटो, अंगठा, दोन ओळखदार, सगळं सुरळीत. मग टेबलावर एक छापील घोषणापत्र सरकवलं गेलं. मुखत्यारानं त्यावर सही करायची असते: कुलमुखत्यारपत्र लिहून देणाऱ्यानं ते रद्द केलेलं नाही, लिहून देणारी व्यक्ती मयत झालेली नाही, हे खोटं निघालं तर नोंदणी अधिनियमाच्या कलम 82 खाली शिक्षेस मी पात्र राहीन.

मयत झालेली नाही. माझं पेन तिथेच थांबलं. धाकट्याशी शेवटचं बोलणं रविवारी झालं होतं, आज बुधवार. कारकून म्हणाला, "बाई, लाईन मोठी आहे." सही केली, पण घरी येईपर्यंत छाती धडधडत होती.

गेल्या आठवड्यात करार पुन्हा केला. या वेळी रांगेत बसल्या बसल्याच फोन लावला. इथे साडेअकरा, तिथे रात्रीचे दोन. चौथ्या रिंगला उचलला.

"ताई? काय झालं?"

"काही नाही. सही करायची आहे. जिवंत आहेस ना?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग, "आहे. मीटर रीडिंगपण सांगू का?"

तेवढ्यात आमचं टोकन पुकारलं.