आठ महिने गिट वापरल्यावर: 'रिस्टोअर' हे नाव बदलायलाच हवं

गिट म्हणजे प्रोग्रॅमच्या कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं आणि जुन्या प्रती परत आणून देणारं सॉफ्टवेअर. मागच्या मंगळवारी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या प्रोग्रॅमवर बसलो होतो. सुताच्या साठ्याच्या रिपोर्टवर चार तास घातलेले, कमिट, म्हणजे गिटमध्ये पक्की नोंद, बाकी. तेवढ्यात चुकून एक फाइल डिलीट झाली. ती आणायला 'गिट रिस्टोअर' टाइप केलं आणि पुढे फाइलच्या नावाऐवजी टिंब दिलं, म्हणजे 'या फोल्डरमधलं सगळं'. फाइल आली, चार तासांचं काम गेलं. विचारलं नाही, बजावलं नाही, स्क्रीनवर एक ओळसुद्धा नाही.

संध्याकाळी मालकांचा फोन. "आज रिपोर्ट दावतो म्हणला होता की! काय झालं?" काय सांगणार?

गिट फुकट आहे, झपाट्यानं चालतं, नेट गेलं तरी अडत नाही. माझी तक्रार नावाची आहे. रिस्टोअर म्हटल्यावर गेलेलं परत मिळणार असंच कुणालाही वाटेल. ही कमांड जुनी प्रत आणताना तुमच्या हातातलं पुसून टाकते, आणि ते नावात कुठेच नाही. पूर्वी हे काम 'चेकआउट' कमांडकडे होतं, ब्रँच (कामाची वेगळी शाखा) बदलणंही त्याच्याचकडे. ऑगस्ट 2019 मध्ये 2.23 आवृत्तीत 'स्विच' आणि 'रिस्टोअर' वेगळे काढले. निम्माच गोंधळ मिटला. 'रिव्हर्ट' कमांडचंही तेच: सबव्हर्जन, मर्क्युरियल या गिटसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये ते हातातले बदल टाकून देतं, गिटमध्ये जुन्या कमिटच्या उलटं नवं कमिट करतं. मर्क्युरियल निदान टाकण्याआधी '.ओरिग' नावानं प्रत ठेवतं.

इथवर शनिवारी लिहिलं होतं. दोनच तारे देणार होतो.

रविवारी ब्रँच जुन्या कमिटवर नेणाऱ्या 'रीसेट हार्ड' कमांडनं एक कमिट उडालं, तेव्हा छातीत धस्स झालं. पण रीफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदवहीत, ते सापडलं. ब्रँचवरून सुटलेल्या कमिटची नोंद तिथं एरवी 30 दिवस राहते. शिवाय कळलं, की मंगळवारी मी एकदा 'गिट ॲड' करून बदल स्टेज केले असते, म्हणजे पुढच्या कमिटसाठी मांडून ठेवले असते, तरी काम वाचलं असतं, कारण रिस्टोअर स्टेज केलेली प्रतच आणतं. म्हणजे एकदा गिटच्या हाती दिलेलं ते सहसा गमावत नाही. चार तारे.

पाचवा नाही. मी आता 'फेक' (फेकून दे या अर्थी) नावाचा एलियस, म्हणजे स्वतःची छोटी कमांड, केलाय. तो बदल पुसत नाही, 'स्टॅश' या गिटच्या बाजूच्या कप्प्यात ठेवतो, नव्या फाइल्ससकट. हे मूळ कमांडनंच करायला हवं होतं. नाव 'डिस्कार्ड' ठेवा, आणि टाकण्याआधी किती फाइल्समधले बदल जाणार तो आकडा दाखवा.