व्हिडिओ कॉलवर डॉक्टर : काही महिने वापरून झाल्यावर

घरातल्या बीपी-शुगरवाल्या ज्येष्ठांसाठी आम्ही दोन्ही वाटा वापरतो. एक सरकारची मोफत ऑनलाइन ओपीडी ई-संजीवनी आणि दुसरी नेहमीच्या खासगी डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल. आधी निकाल सांगून टाकतो. फेरतपासणी, रिपोर्ट दाखवणं, गोळीचा डोस कमी-जास्त करणं यासाठी पाचपैकी चार गुण. नव्या दुखण्यासाठी दोन. पोट दाबून बघायचं असेल, कानात बघायचं असेल, छातीला स्टेथोस्कोप लावायचा असेल तर शून्य. आणि ते चार गुणसुद्धा आपोआप मिळत नाहीत. कॉल पाच-सात मिनिटांत संपतो; त्यातली चार मिनिटं चष्मा आणि गोळ्यांचा डबा शोधण्यात गेली तर डॉक्टर बिचारे ‘तेच चालू ठेवा’ म्हणण्यापलीकडे काय करणार?

सोय मात्र खरीच आहे. जत-आटपाडीहून मिरजेला किंवा पाटणच्या खोऱ्यातून कराडला म्हातारं माणूस एसटीनं न्यायचं, ओपीडीत बसवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हा अख्खा दिवस वाचतो.

ई-संजीवनी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मोहाली केंद्रानं बनवली आहे आणि घरबसल्या ओपीडी एप्रिल २०२० पासून सुरू आहे. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी घ्यायचा, रुग्णाची माहिती भरायची, रिपोर्ट चढवायचे आणि टोकन घेऊन थांबायचं. ओटीपी नोंदवलेल्या नंबरवर येतो, हे साधं वाटतं. पण नंबर पुण्यातल्या मुलाचा आणि रुग्ण कोरेगावात, असं असेल तर फोनाफोनीत वेळ जातो. जो नंबर रुग्णाजवळ असतो तोच द्या. घरात स्मार्टफोन हाताळणारं कुणी नसेल तर गावच्या उपकेंद्रात जा (आता पाटी ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी असते). तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी, शुगर, वजन स्वतः मोजतात आणि त्यांच्या समोरच डॉक्टरांशी कॉल जोडून देतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही वाट जास्त बरी. मोजमाप शिकलेल्या हातांनी होतं, हा त्यातला मोठा फायदा.

आता तयारी. सगळ्यात जास्त गोंधळ बीपीत होतो, म्हणून तिथून सुरुवात.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही आणि मिश्रीसुद्धा नाही. मिश्री लावणाऱ्या आज्या तिला तंबाखूत धरतच नाहीत, म्हणून नाव घेऊन विचारावं लागतं. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर येईल. हात मांडीवर ठेवला तर आकडा उगाच वर जातो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. ब्लाउजची किंवा बनियनची घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली पट्टा बांधू नका. ती बाहीच दंड आवळते. पट्ट्यावर माप छापलेलं असतं, बहुतेक मशिनबरोबर २२ ते ३२ सेंटिमीटरचा येतो. दंड त्यापेक्षा जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, कारण लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. मनगटावरची मशिन स्वस्त आणि सुटसुटीत असली तरी तिच्या आकड्यांवर गोळी बदलू नये, असं आमचं मत.

एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर बीपी जास्त धरतात. दवाखान्यातला १४०/९० हा आकडा घरच्या मोजमापाला लावत नाहीत. वहीत तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी असे पाच रकाने आखले की पुरे. ‘कधी दीडशे, कधी एकशे तीस’ एवढ्या सांगण्यावर कुठलाही शहाणा डॉक्टर औषध बदलणार नाही, आणि बदलूही नये.

उठल्यावर अंधारी येते, तोल जातो अशी तक्रार असेल तर आणखी एक मोजमाप करा: बसून एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला तर हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. मोजताना शेजारी कुणीतरी उभं राहा.

शुगरला वेगळीच गंमत आहे. सुगीच्या दिवसांत घरात ऊस, काकवी, गूळ, तासगावकडे बेदाणा, आणि त्याच हातानं ग्लुकोमीटर. बोटावर गोडाचा अंश राहिला की आकडा खोटा वाढतो. हात साबणानं धुवून पूर्ण कोरडे करा, मग बोटाच्या टोकाच्या बाजूला टोचा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेनं पट्ट्या खराब होतात. पावसाळ्यात महाबळेश्वर-कोयनेकडच्यांनी तर हे पाळाच. उपाशीपोटी म्हणजे आठ तास काही न खाता, त्यात साखरेचा चहाही नाही. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी चाचणी जुनी झाली असेल तर ती कॉलच्या आधीच करून घ्या, नाहीतर डॉक्टर तेच सांगतील आणि कॉल वाया जाईल.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी कॉलवर बाटली आणि सिरिंज दोन्ही कॅमेऱ्यासमोर धरा. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलिलिटरची बाटली मिळते, तिला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटच्या बाटलीला केशरी टोपणाची. पेनमध्ये साधारणपणे १०० युनिटचं असतं. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची झाली तर त्याच रेघेपर्यंत भरूनही डोस निम्म्याहून कमी पडतो. उलटं झालं तर अडीचपट जातो आणि शुगर धाडकन खाली येते. ‘वीस युनिट घेतो’ एवढं फोनवर ऐकून डॉक्टरांना यातलं काहीच कळत नाही. बघितलं की लगेच कळतं. व्हिडिओचा खरा उपयोग हा असा.

गोळ्यांचंही तेच. ‘बीपीची पांढरी गोळी’ हे वर्णन निम्म्या दुकानाला लागू पडेल. टेल्मिसार्टन ४० नुसती वेगळी, तिच्यापुढे ‘एएम’ असेल तर आत अ‍ॅम्लोडिपिन जोडलेली, ‘एच’ असेल तर लघवी वाढवणारं औषध जोडलेली. म्हणून पाकिटाची मागची बाजू, जिथे घटक आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, त्याचा आधीच फोटो काढून ठेवा. मेडिकलवाला दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव नेमकं त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतं. नाव आणि मुदत असलेला भाग मागून घ्या. घरी गोळ्या काढतानाही तो तुकडा शेवटी फोडा. काढे, चूर्ण, गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या, सगळं दाखवा. गुडघ्याच्या वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो, त्यामुळे लपवून फायदा काहीच नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. खिडकी रुग्णाच्या समोर हवी, पाठीमागे नको. पाठीमागे उजेड असला की चेहरा काळा दिसतो. रेंज मिळते म्हणून गच्चीवर उन्हात बसवू नका, सावलीची जागा शोधा. फोन हातात धरायच्या ऐवजी डब्याला टेकवा. बॅटरी सेव्हर बंद, कॅमेरा आणि माइकची परवानगी आधीच दिलेली. दोन सिमचा फोन असेल तर मध्येच साधा कॉल आला की व्हिडिओचा आवाज जातो, म्हणून बाकीचे कॉल तेवढ्यापुरते अडवून ठेवा. वायफायवर विसंबू नका. लाइट गेली की राउटर बंद, आणि लाइट कधी जाईल ते माण-खटावकरांना सांगायची गरज नाही. मोबाइल डेटा चालू ठेवा. चित्र अडकायला लागलं तर डॉक्टरांना सांगून व्हिडिओ बंद करा आणि आवाजावर बोला. दाखवायच्या गोष्टी पहिल्या दोन मिनिटांत दाखवून झालेल्या असाव्यात.

त्वचेवरचा चट्टा लाइव्ह व्हिडिओत नीट दिसत नाही. दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, सुंदर दिसण्याचा फिल्टर बंद करून मागच्या कॅमेऱ्यानं दोन फोटो घ्या: एक लांबून, शरीरावर कुठे आहे ते कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी नाणं ठेवून. मधुमेह असेल तर तळपाय आणि बोटांच्या बेचक्याही दाखवा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी. पायाला सूज असेल तर नडगीच्या हाडावर अंगठ्यानं दहा सेकंद दाबून सोडा आणि पडलेला खड्डा दाखवा.

ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश पुसा, मेंदीचं बोट टाळा, हात गार असेल तर चोळून गरम करा. आकडा स्थिर होईपर्यंत निदान अर्धा मिनिट थांबा. लावल्या लावल्या दिसतो तो आकडा धरू नका.

लहान मुलांसाठी वजन आजचं हवं, कारण औषध वजनावर ठरतं. पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही, थेंब तर त्याहून दाट. बाटली दाखवल्याशिवाय ‘एक चमचा’ ठरवू नका, आणि मोजायला घरातला चमचा नको, बाटलीबरोबरचं माप घ्या. खोकल्याच्या मुलाचा श्वास शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरला तर कॉलची वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

तसंच छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात लुळा पडणं, उसात साप चावणं, गरोदरपणातलं रक्त जाणं, यातलं काहीही असलं तर व्हिडिओ नाही. १०८ लावा. मनाच्या त्रासासाठी मात्र फोन चांगला चालतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

औषधचिठ्ठीबद्दल बऱ्याच जणांची तक्रार असते की ‘डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीच नाही’. त्यामागे नियम आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत औषधांच्या याद्या ठरवल्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी औषधं नुसत्या फोनवरही सांगता येतात. बरीचशी औषधं पहिल्या वेळी व्हिडिओवर बघितल्यावरच देता येतात. अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं, म्हणजे मॉर्फीनसारखी वेदनाशामकं आणि झोपेच्या काही गोळ्या, बंद. डॉक्टरांवर चिडून उपयोग नाही.

पीडीएफ आली की कॉल संपायच्या आत वाचा: रुग्णाचं नाव, वय, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. यातलं काही राहिलं तर मेडिकलवाला परत पाठवतो आणि पुन्हा कॉल लागेपर्यंत संध्याकाळ होते. जुन्या गोळ्यांपैकी कुठली बंद करायची ते तोंडी विचारून कागदावर लिहून घ्या, कारण चिठ्ठीत नवी गोळी येते पण जुनी थांबवा असं लिहिलेलं असेलच असं नाही, आणि मग घरात दोन्ही चालू राहतात.

खासगी दवाखान्याचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. ‘अपॉइंटमेंट पक्की करायला पाच रुपये भरा’ म्हणून लिंक किंवा एपीके फाइल (फोनवर परस्पर अ‍ॅप बसवणारी) आली की ती फसवणूक समजा. नंबर दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठीवरचा घ्या. फी भरल्यावर पावती मागा, व्हिडिओच्या तपासणीलाही ती मिळते.