कावासाकी केएक्स २५०: एक्सपल्सवरून हिच्यावर बसण्याआधी

हीरोच्या एक्सपल्स २०० फोरव्हीवर लाल मातीत दोन हंगाम काढले की नजर कावासाकीच्या केएक्स २५० कडे, म्हणजे मोटोक्रॉसच्या (मातीवरच्या शर्यतीच्या) गाडीकडे वळतेच. नावातला फरक पन्नास सीसीचा, आणि फसगत तिथेच होते. एक्सपल्स १९९.६ सीसीची, १९.१ पीएस ताकदीची, वजनाला १५९ किलोच्या आसपास. केएक्स २४९ सीसीची, पण ताकद दुपटीच्या वर आणि वजन १०८ किलोच्या घरात. प्रत्येक किलोमागे येणारा जोर तिप्पट झाला, हे आधी डोक्यात बसवायचं. सीटची उंची ९५० मिमीच्या आसपास आहे, म्हणजे साडेपाच फुटी माणसाला दोन्ही पाय टेकत नाहीत.

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी समजून घ्यावी. ही रस्त्यावर चालवायची गाडी नाही. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाहीत, पासिंग होत नाही, साइड स्टँडसुद्धा नाही. देवरुखहून लांज्याला जायचं तरी गाडी टेम्पोत. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट आणि गाडी त्याहून किंचित लांब, म्हणून तिरकी उभी करावी लागते. पट्टे आवळताना पुढचे फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप) पूर्ण दाबू नका. पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून आवळा, नाहीतर आंबा घाट उतरेपर्यंत फोर्कच्या सील तेल गाळायला लागतात.

इंजिनाचा स्वभाव एक्सपल्सच्या उलट आहे. एक्सपल्स साडेसहा हजार आरपीएमला आपला सगळा टॉर्क देऊन मोकळी होते. केएक्सची खरी मजा त्याच्या खूप वर सुरू होते आणि चौदा हजारांच्या पुढे जाते. नवा माणूस सवयीने लवकर गिअर टाकतो, तिसऱ्यात मंद चालवतो, ‘हिच्यात दम नाही’ म्हणतो आणि मूठ आणखी पिळतो. मग वळणातून बाहेर पडताना सगळा जोर एकदम येतो, मागचं चाक बाजूला पळतं, अंग मागे झुकतं, हात सरळ होतात आणि सरळ झालेल्या हाताने मूठ आपोआप अजून पिळली जाते. बहुतेक पडझड याच साखळीतून होते. ती दोन जागी तुटते. मूठ धरताना मनगट खाली ठेवू नका. दाराची गोल मूठ धरतो तशी बाजूने, कोपर वर उचलून धरा, म्हणजे अंग मागे गेलं तरी मूठ पिळली जात नाही. आणि गाडी हाताने नव्हे, गुडघ्यांनी धरा. पोटऱ्या आणि गुडघे फ्रेमला घट्ट चिकटले की हात मोकळे राहतात. दहा मिनिटांत कोपराखालचे हात दगडासारखे होत असतील तर दोष व्यायामाचा नाही, गुडघ्यांचा आहे.

पहिले दोन तास उड्या नकोत. सपाट जागेवर दुसऱ्या गिअरमध्ये इंग्रजी आठ काढायचे, उभं राहून, क्लचवर एकच बोट. २०२१ पासूनच्या मॉडेलला हायड्रॉलिक क्लच आहे, एका बोटाने सहज चालतो. पण म्हणून तो सतत दाबून ठेवायचा नसतो. इंजिन आणि क्लचचं तेल एकच, जेमतेम लिटरभर. जळालेल्या क्लचचा वास आला की ते तेल त्याच दिवशी बदला. मूठ सोडल्यावर इंजिनाचा ब्रेकसुद्धा एक्सपल्सपेक्षा कडक लागतो. खडीवर अचानक मूठ बंद केली तर मागचं चाक ब्रेक मारल्यासारखं घसरतं. वळणात मूठ किंचित उघडीच ठेवावी.

इंजिनाची तीव्रता बदलायला २०२४ पर्यंतच्या मॉडेलसोबत रंगीत डीएफआय कपलर (इंधन इंजेक्शनची सेटिंग बदलणारे छोटे प्लग) येत. काळा सौम्य, हिरवा मूळचा, पांढरा आक्रमक. तसं मॉडेल असेल तर पहिला महिना काळाच लावा. बदलायला मिनिटभर लागतं, तरी लोक तो डब्यातून काढतसुद्धा नाहीत.

सस्पेन्शन हा या गाडीचा खरा गुण. दोन्हीकडे ३०० मिमीहून जास्त प्रवास, एक्सपल्सला पुढे १९०. पण तो गुण सॅग (वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते) मोजल्याशिवाय दिसत नाही. गाडी इंजिनाखाली ठेवायच्या वेगळ्या स्टँडवर, मागचं चाक हवेत. अ‍ॅक्सलपासून मागच्या मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग हेल्मेट-बुटांसकट चालक बसवून त्याच खुणेपर्यंत पुन्हा मोजा. फरक १०० ते १०५ मिमी हवा. नसेल तर शॉकअपची प्रीलोड रिंग (स्प्रिंग आवळणारी-सैल करणारी) फिरवा. यानंतर चालक उतरवून, गाडीच्या स्वतःच्या वजनाने किती बसते ते बघा. २५ ते ४० मिमी ठीक. आपल्याकडच्या साठ किलोच्या पोरांचं इथे हमखास बिनसतं. बसल्यावरचा आकडा जमवायला रिंग इतकी सैल करावी लागते, की रिकामी गाडी ४५-५० मिमी बसते. याचा अर्थ स्प्रिंग त्यांच्यासाठी कडक आहे. रिंगशी झटापट थांबवून हलकी स्प्रिंग मागवा. डॅम्पिंगचे (सस्पेन्शनची उसळी आवरणाऱ्या स्क्रूचे) क्लिक नंतर, एका वेळी दोनच, आणि आधीचा आकडा लिहून ठेवून.

टायरची हवा मातीवर १२ ते १४ पीएसआय. कातळावर जायचं असेल तर १५ पर्यंत न्या आणि जाड ट्यूब घाला, कारण जांभ्याची कड ट्यूबला दोन समांतर भोकं पाडते. चेन मात्र रस्त्यावरच्या गाडीसारखी ताठ ठेवू नका. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर जाताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. ढील कमी असेल तर उडी उतरताना तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो. मॅन्युअलमधलं माप पाळा; उभ्या गाडीला ते डोळ्यांना सैल वाटतं, वाटू द्या.

आता देखभाल. या गाडीचा हिशेब किलोमीटरवर नाही, तासांवर चालतो. इंजिन चाललेले तास मोजणारा अवर-मीटर पहिल्या दिवशी लावा. तेल दर पाच तासांनी. हौशी वापरात पिस्टन साधारण चाळीस तासांनी, शर्यतीच्या वापरात त्याहून खूप लवकर. व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आहेत, धूळ त्यांना खाते. इंजिन गार असताना गाडी सुरू व्हायला कुरकुरायला लागली तर बॅटरीला दोष देण्याआधी व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (फट) तपासा. तो झिजून कमी होतो आणि कॉम्प्रेशन सुटतं.

आणि धूळ म्हणजे कोकणातली तांबडी धूळ, पिठासारखी. एअर फिल्टर प्रत्येक वेळी धुवायचा, अपवाद नाही. पेट्रोलमध्ये धुवू नका, फोमच्या थरांमधला डिंक सुटतो. फिल्टर क्लीनरने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, फोम ऑइल सगळीकडे सारखं मुरवायचं आणि कडेला ग्रीसचा पातळ थर द्यायचा. मग बोट इनटेकच्या रबरी नळीत आतून फिरवा. बोटाला लाल लागलं तर फिल्टर नीट बसलेला नाही. आपल्या मातीचा एवढा एक उपकार आहे, गळती लगेच रंगावरून कळते.

रेडिएटरला पंखा नाही. गाडी उभी ठेवून गप्पा मारत इंजिन चालू ठेवणं टाळा. चिखलाने जाळी भरली की पाच-सात मिनिटांत कुलंट बाहेर येतो. धुताना प्रेशर पंपाचा फवारा जाळीवर आणि बेअरिंगवर थेट मारू नका. समुद्रकाठच्या गावांत विहिरीचं पाणी मचूळ असतं, त्याने धुऊन गाडी तशीच ठेवली तर स्पोकच्या निपल महिन्यात अडकतात. शेवटची धार गोड्या पाण्याची. मागच्या लिंकेजच्या (शॉकअपला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या सांध्यांच्या) सुई-बेअरिंगमध्ये कंपनीकडून ग्रीस तुटपुंजं येतं. नवी गाडी घरी आल्यावर आधी ते उघडून भरा, पुढे दर वीस तासांनी.

चालवायचा उत्तम काळ दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत. माती ओलसर, धूळ नाही, पकड छान. मार्चनंतर जांभ्यावरची बारीक खडी गोट्यांसारखी पायाखालून सरकते. पावसात सड्यावर (कातळाच्या पठारावर) जाऊच नये. शेवाळलेल्या कातळावर कुठलाही टायर धरत नाही. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी या सड्यांवर तर कोरड्या दिवसांतही नाही. तिथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि नॉबी (मोठ्या गुठळ्यांचा) टायर जांभा खरवडतो. किनाऱ्यावरच्या वाळूचाही मोह नको. कासवांची अंडी असतात, शिवाय खारट वाळू चेन आणि बेअरिंगची वाट लावते.

किंमत आठ लाखांच्या घरात, गाडी पूर्ण आयात, सुटे भाग मुंबई-पुण्याहून आणि बऱ्याचदा वाट बघून. म्हणून स्वतः स्पॅनर हातात घेणाऱ्याने, किंवा ज्याच्याकडे तसा मित्र आहे त्यानेच ही घ्यावी. महिन्यातून एकदा चालवणाऱ्याला एक्सपल्सला रॅली किट लावणं स्वस्त आणि जास्त आनंदाचं पडेल. दर आठवड्याला दोन तास देणाऱ्याला मात्र या पैशांत इतकं शिकवणारी दुसरी वस्तू सहसा सापडणार नाही. घरात क्लच लिव्हर, गिअर लिव्हर, दोन जाड ट्यूब, तेलाचे दोन फिल्टर आणि तेल लावून पिशवीत बंद केलेला एक जादा एअर फिल्टर ठेवा. जूनमध्ये गाडी बंद करताना टाकी रिकामी करा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ऑक्टोबरात इंजेक्टर चोंदलेला मिळतो.